परदेशांत कापलेला कर व घरीं आलेला चेक

गेल्या पावसाळ्यांत बदलापुराहून एका भगिनीचें पत्र आलें. त्यांचा मुलगा संगणकाच्या धंद्यांतील एका कंपनींत नोकरीस असतां कंपनीनें त्यास सव्वा वर्षासाठीं इंग्लंडांत पाठविलें होतें. मे २०२३ मध्यें तो गेला, ऑगस्ट २०२४ च्या आरंभीं परत आला, आणि आल्यावर थोड्याच दिवसांत ती नोकरी सोडून त्यानें दुसरी धरली. इंग्लंड सोडतांना एका मित्राच्या सांगण्यावरून त्यानें तेथील करखात्याकडे एक अर्ज धाडला होता व तो पार विसरूनहि गेला होता. पुढें एके दिवशीं कुळगांवच्या पत्त्यावर परदेशी टपालाचें पाकीट आलें, आणि त्यांतून मुलाच्या नांवाचा १,६७६ पौंडांचा चेक निघाला.

घरांत आनंदीआनंद झाला. यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यांतून निवृत्त झालेले. जागेचे हप्ते चालू. त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया दोन वेळां पुढें ढकललेली. अशा वेळीं आलेला पैसा देवानेंच पाठविला असें वाटावें यांत नवल नाहीं. परंतु या भगिनींना कागद जपून ठेवण्याची संवय. पाकिटांतले कागद ठेवावेत म्हणून त्यांनीं पेटी उघडली, तों मुलाच्या परदेशच्या नेमणुकीचें पत्र हातीं आलें, व त्यांतील एक कलम वाचून त्यांचें मन चरकलें. इंग्लंडांतील कर कंपनी सोशील, आणि त्या कराचा कांहीं परतावा मिळाल्यास तो कंपनीस द्यावा, असें त्यांत स्वच्छ लिहिलें होतें. मुलगा म्हणतो, 'कंपनीनें विचारलेलें नाहीं, आणि मी आतां तेथें नाहींहि.' यजमान म्हणतात, 'पोराच्या घामाचा पैसा आहे.' भगिनी आम्हांस विचारतात कीं, हा पैसा खरोखर कोणाचा?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं थोडें मागें जावें लागेल. कारण ज्या घरीं असें पाकीट यावयास हवें होतें पण आलेंच नाहीं, अशीं घरें आमच्या पाहण्यांत कितीतरी अधिक आहेत. पूर्वीं परदेशीं गेलेला मुलगा म्हटला म्हणजे तो बहुधा दादर-पार्ल्याचा नाहींतर पुण्याचा असावयाचा. मुंबईंतील जागांचे भाव चढत गेले तसा मध्यमवर्ग डोंबिवलीच्याहि पुढें सरकत अंबरनाथ-बदलापुरास येऊन पोहोंचला. आतां पहांटेच्या गाडीस फलाटावर उभ्या राहणाऱ्या तरुण मंडळींपैकीं एखादा चेहरा वर्षभर दिसेनासा झाला, तर तो मँचेस्टरला, फ्रँकफुर्टला किंवा डलासला गेला असें समजावें. वर्षाच्या अखेरीस तो परत येतो, घरच्यांसाठीं चॉकोलेटें आणतो, आणि तेथें आपल्या पगारांतून कापला गेलेला जास्तीचा कर तेथेंच ठेवून येतो. १८६० सालीं जेम्स विल्सन यांनीं हिंदुस्थानांत इन्कमटॅक्स आणला, तेव्हांपासून 'सरकारांत गेलें तें गेलें' ही आपल्या वडीलधाऱ्यांची समजूत इतकी पक्की झाली आहे कीं, सरकार घेतलेले पैसे परत करतें हेंच पुष्कळांस खरें वाटत नाहीं. मग परक्या सरकारची तर गोष्टच दूर.

हा पैसा परत कां मिळतो तें नीट समजून घेतलें पाहिजे. इंग्लंडांत करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन पुढल्या ५ एप्रिलला संपतें. जो माणूस तेथील कायद्याप्रमाणें त्या वर्षीं रहिवासी ठरतो, त्याच्या मिळकतींतील पहिले १२,५७० पौंड सामान्यतः करमुक्त असतात. मालक दरमहा कर कापतो तेव्हां ही सूट बारा हिश्शांत वांटून देतो; म्हणजे महिन्यास सुमारें १,०४७ पौंड. आमच्या भगिनींच्या मुलाचा पगार, कंपनीनें वर घातलेला कर धरून, ३,५०० पौंड होता. त्यांतून सूट वजा जातां सुमारें २,४५२ उरले व त्यांवर वीस टक्के, म्हणजे ४९० पौंडांवर कांहीं पेन्स, असा कर दरमहा कापला गेला. एप्रिलपासून ऑगस्टच्या आरंभापर्यंतच्या चार पगारांत मिळून १,९६२ पौंड झाले. पुढें मुलगा परत आला, आणि त्या वर्षाची त्याची तेथील कमाई १४,००० पौंडांवरच थांबली. सूट मात्र अख्ख्या वर्षाची राहिली. १४,००० मधून १२,५७० गेले, राहिले १,४३०. त्यांचे वीस टक्के २८६. देणें २८६, कापले १,९६२, बाकी १,६७६. पौंडास शंभरच रुपये धरले तरी ही रक्कम एक लाख सदुसष्ट हजारांवर जाते. मालकानें चूक केली किंवा खात्यानें अन्याय केला असा येथें कांहींच प्रकार नाहीं. माणूस वर्षभर राहील असें धरून कापणी होते, आणि तो मध्येंच निघून येतो, एवढीच हकीकत.

पगाराच्या चिठ्ठीवर 'नॅशनल इन्शुरन्स' म्हणून जी दुसरी रक्कम दिसते ती मात्र या हिशेबांत धरूं नये. ती कर म्हणून कापलेली नसते व देश सोडला म्हणून परत मिळत नाहीं. तथापि परदेशी मालकाच्या नोकरींत राहून जो तात्पुरता इंग्लंडांत पाठविला जातो, त्याच्याकडून पहिले ५२ आठवडे ती सामान्यतः घ्यावयाची नसते. चुकून घेतली गेली असेल तर ती स्वतंत्रपणें मागतां येते. मुलांनीं आपल्या पहिल्या वर्षाच्या चिठ्ठ्या या दृष्टीनें एकदां चाळाव्यात.

मागणीची रीत फारशी अवघड नाहीं. नोकरी सुटतांना मालक पी-४५ नांवाचा कागद देतो. त्यांत त्या करवर्षांत किती पगार झाला व किती कर कापला तें असतें. ५ एप्रिल रोजीं जो नोकरींत असेल त्यास सालअखेरचा पी-६० मिळतो. देश सोडून जात आहों हें करखात्यास कळवून जास्तीचा कर मागावयाचा तो पी-८५ या नमुन्यावर, आणि त्यासोबत पी-४५ चे भाग जोडावे लागतात. ज्यांना तेथें वार्षिक विवरणपत्र भरावेंच लागतें त्यांनीं त्यांतूनच मागणी करावयाची. मुदत संबंधित करवर्ष संपल्यापासून चार वर्षांची. म्हणजे २०२४-२५ सालासाठीं ती ५ एप्रिल २०२९ रोजीं संपेल.

ही मुदत ऐकून माणूस निश्चिंत होतो व तेथेंच फसतो. अंबरनाथच्या एका परिचित कुटुंबांतील मुलगी २०२० च्या जूनमध्यें, टाळेबंदीच्या गोंधळांत, मिळेल त्या विमानानें परत आली. पी-४५ भाड्याच्या खोलींतल्या खणांत राहिला. पुढें लग्न, नवें घर, लहान मूल, यांत वर्षें गेलीं. आम्हांपाशीं विषय निघाला तेव्हां ५ एप्रिल २०२५ ही तारीख उलटून दोन महिने झाले होते. वास्तविक पी-४५ ची दुसरी प्रत मिळत नसली तरी पगार व कर यांचें निवेदन मालकाकडून लेखी मागवितां येतें, आणि त्यावर काम भागतें. तिला हें कोणीं सांगितलेंच नव्हतें. तिच्या यजमानांनीं हिशेब करून आंकडा काढला. आम्हीं तो त्यांना मोठ्यानें वाचूं दिला नाहीं.

कागद जपण्याच्या बाबतींत उल्हासनगरच्या सिंधी शेजाऱ्यांकडून आपण पुष्कळ शिकण्यासारखें आहे. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणींतून १९४९ सालीं हें गांव नांवारूपास आलें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच्या कितीतरी आधींपासून सिंध-हैदराबादचे 'सिंधवर्की' व्यापारी सिंगापुरापासून जिब्राल्टरपर्यंत दुकानें थाटून बसले होते. दोन देशांचीं नाणीं व दोन देशांचे कायदे सांभाळणें त्यांच्या कित्येक घरांतून वडिलोपार्जित विद्येसारखें चालत आलें आहे. आपल्याकडे पदवीचें भेंडोळें चौकट करून भिंतीवर लागतें, आणि पगाराची चिठ्ठी वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागें सांपडते.

अर्ज केल्यावर पैसे हातीं पडेपर्यंतहि दोन-तीन अडचणी उभ्या राहतात. पहिली नांवाची. आपलें नांव, वडिलांचें नांव व आडनांव ही त्रयी परदेशी नमुन्यांत बसत नाहीं. पासपोर्टावर एक, बँकेंत दुसरें व चेकवर तिसरें असें झालें कीं बँकेचा कारकून मान हलवितो. दुसरी अडचण चेकची. पौंडांतील चेक येथील बँक वसुलीसाठीं परदेशीं पाठविते. त्यांत आठवडेच्या आठवडे जातात, व बँकेचें वर्तन कापलें जातें तें निराळें. म्हणून इंग्लंडांतील बँकेचें खातें परतावा मिळेपर्यंत बंद न करणें हें उत्तम. परंतु त्या उघड्या खात्याचीहि एक जबाबदारी आहे, ती पुढें सांगूं. तिसरी अडचण दलालांची. 'आम्ही तुमचा कर सोडवून आणतों' म्हणणारी मंडळी परताव्याचा मोठा हिस्सा मागतात, आणि पूर्वीं तर सहीच्या कागदांत परताव्याचा हक्कच आपल्या नांवें करून घेण्याची कांहींची रीत होती. इतक्या तक्रारी झाल्या कीं, १५ मार्च २०२३ पासून असें हस्तांतर तेथील कायद्यानें निरर्थक ठरविलें. 'तुमचा परतावा तयार आहे, येथें बँकेचा क्रमांक द्या' असा निरोप मोबाईलवर आला तर तो चोराचा समजावा. तेथील करखातें परताव्याची खबर असल्या निरोपांनीं देत नाहीं.

इतर देशांविषयीं थोडक्यांत. जर्मनींत करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असून, सक्ति नसतां स्वेच्छेनें भरावयाच्या विवरणपत्रास चार वर्षांची मुदत असते. २०२२ सालचें ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. अमेरिकेंत परताव्याची मागणी सामान्यतः विवरणपत्र भरल्यापासून तीन वर्षांच्या आंत करावी लागते. तेथें शिकावयास गेलेल्या आपल्या मुलांस एक गोष्ट आवर्जून कळवावी. भारत व अमेरिका यांच्यामध्यें १९८९ सालीं सही झालेल्या करारांत एकविसाव्या कलमामुळें भारतीय विद्यार्थ्यास ठराविक वजावट मिळते. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांस ती मिळत नाहीं. तसेंच विद्यार्थी-परवान्यावरील मुलांच्या पगारांतून पहिलीं पांच वर्षें सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर मिळून होणारे ७.६५ टक्के सामान्यतः कापावयाचे नसतात. कापले असल्यास प्रथम मालकाकडे मागावे, व त्यानें न दिल्यास सरकारी खात्याकडे. नोकरीच्या परवान्यावर गेलेल्यांचे हेच पैसे मात्र परत येत नाहींत. दुबईस गेलेल्यांनीं हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. तेथें पगारावर इन्कमटॅक्सच नाहीं.

आतां घरच्या बाजूकडे येऊं. परदेशचा परतावा हातीं आला म्हणजे हिशेब संपला असें समजणें हीच आपल्या सुशिक्षित घरांतील सर्वांत मोठी चूक होय. आपलें आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतें, आणि आपला कायदा वर्षाचे तुकडे पाडीत नाहीं. माणूस त्या अख्ख्या वर्षापुरता रहिवासी तरी असतो किंवा अनिवासी तरी. वर्षांत १८२ किंवा अधिक दिवस जो भारतांत राहिला तो रहिवासी. नोकरीसाठीं देश सोडून जाणाऱ्या नागरिकास जाण्याच्या वर्षीं हीच १८२ दिवसांची कसोटी लागते. परंतु कायमचा परतणाऱ्यास परतीच्या वर्षीं साठ दिवसांची दुसरी कसोटीहि लागूं शकते, जर मागील चार वर्षांत मिळून त्यानें ३६५ दिवस येथें काढले असतील. आमच्या भगिनींचा मुलगा २०२३-२४ मध्यें अनिवासी ठरला. त्या वर्षीं इंग्लंडांत केलेल्या कामाचा, इंग्लंडांतच हातीं आलेला पगार येथें करपात्र नाहीं. त्यावर येथें चुकून कर कापला असेल तर विवरणपत्र भरून तो आपल्याच सरकारकडून परत मागतां येतो. पगार येथील बँकेंत जमा होत राहिला असेल तर मात्र प्रश्न वादाचा होतो. तेथें जाणत्या चार्टर्ड अकौंटंटास विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये.

२०२४-२५ ची गोष्ट निराळी. ऑगस्टपासून मार्चपर्यंत तो येथेंच होता. म्हणून त्या वर्षीं तो रहिवासी, आणि एप्रिल ते ऑगस्टचा इंग्लंडचा पगारहि येथें करपात्र. एकाच पगारावर दोन ठिकाणीं कर पडूं नये म्हणून परदेशीं भरलेल्या कराची वजावट येथें मिळते. ती मागावयाची फॉर्म ६७ वर. वजावट किती? परदेशांत भरलेला कर व त्या मिळकतीवर होणारा येथील कर, यांपैकीं जो कमी असेल तितकी. पौंडांचे रुपये करावयाचे ते स्टेट बँकेच्या दरानें, कर ज्या महिन्यांत कापला त्याच्या आधल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशींच्या. आणि येथेंच खरी मेख आहे. मुलानें पगाराच्या चिठ्ठ्या पाहून १,९६२ पौंडांची वजावट मागितली होती. पण त्यांतले १,६७६ तर परत आले! तेथें त्यानें शेवटीं भरलेला कर २८६ पौंडांचाच. म्हणजे तिकडून परतावा व इकडून वजावट, असा एकच पैसा दोनदां घेतला गेला. बुद्धिपुरस्सर नव्हे, पण घेतला गेला. विवरणपत्र सुधारण्याची त्या वेळची नेहमींची मुदत मूल्यांकन-वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत होती. ती गेली तर अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे, व २०२५ च्या अर्थसंकल्पानें तिची मर्यादा मूल्यांकन-वर्षाच्या अखेरीपासून ४८ महिन्यांपर्यंत वाढविली. मात्र उशीर होईल तसा जादा भरणाहि वाढतो. पहिल्या बारा महिन्यांत तो कर व व्याज यांच्या २५ टक्के असतो. हे सर्व नियम १९६१ च्या कायद्याचे होत. २०२५ सालीं मंजूर झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्याचा आरंभ १ एप्रिल २०२६ असा ठरला असल्यामुळें त्यानंतरच्या मिळकतीसाठीं कलमांचे आंकडे बदलतात, हें ध्यानीं असावें.

परदेशांतील उघड्या बँकखात्याची गोष्ट वर राहिली होती. रहिवासी ठरलेल्या माणसानें तें खातें, त्यांत चार पौंड असले तरी, विवरणपत्रांतील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यांत दाखवावें लागतें. आणि 'सहज' नांवाचें सोपें विवरणपत्र अशा माणसास चालत नाहीं. न दाखविल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यान्वयें दहा लाखांचा दंड सांगितला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून अशी परदेशी मालमत्ता वीस लाखांच्या आंत असेल तर त्या दंडांतून सूट दिली आहे; परंतु दाखविण्याचें कर्तव्य त्यामुळें सुटत नाहीं.

आतां मूळ प्रश्न. नेमणुकीच्या पत्रांतील तें कलम कांहीं कपटानें घातलेलें नव्हे. कंपन्या माणसास परदेशीं पाठवितात तेव्हां त्यानें घरीं राहून जितका कर दिला असता तितकाच त्याच्यावर पडावा, म्हणून तेथील कर पुष्कळदां स्वतः सोशितात. मुलाच्या हातीं ठरलेला पगार पडावा म्हणून कंपनीनें ते १,९६२ पौंड वर घातले. ते मुलाच्या खिशांतून गेलेच नव्हते. मग जें त्याच्या खिशांतून गेलें नाहीं तें त्याच्याकडे 'परत' कसें येईल? चेकवर नांव त्याचें आहे, कारण करखात्यास कंपनीशीं झालेला करार ठाऊक नसतो. यजमानांचें म्हणणें आम्हांस समजतें, पण घामाचा पैसा महिन्याच्या महिन्यास आधींच घरीं आला आहे. कंपनीनें विचारलें नाहीं, हें विसराळूपणाचें लक्षण असेल. तो दानपत्राचा कागद नव्हे.

परंतु, आणि हें आम्हीं भगिनींना ठळक अक्षरांत कळविलें, चेकची रक्कम मुकाट्यानें पाठवून मोकळें होऊं नये. परतावा कंपनीकडे गेला, आणि येथील वजावट २८६ पौंडांवर आली, तर त्या चार महिन्यांच्या पगारावरील येथील कराचा बोजा मुलाच्या अंगावर पडेल. ज्या पत्रांत परताव्याचें कलम आहे त्याच पत्रांत भारतांतील कराविषयींहि कलम असण्याचा संभव असतो. तें शोधून, दोन्ही देशांचा पुरा हिशेब करून, 'इतका परतावा आला, इतका येथील कर वाढला, बाकी अमुक' असें कंपनीस लेखी कळवावें, व उत्तर येईपर्यंत रक्कम निराळी ठेवावी.

भगिनींचें दुसरें पत्र नुकतेंच आलें. भारतांतील कराचें कलम पेटींतल्याच पत्राच्या चौथ्या पानावर निघालें. तें पान घरांत कोणींच वाचलेलें नव्हतें. मुलानें अद्ययावत विवरणपत्राची तयारी चालविली आहे, व हिशेब कंपनीस धाडला आहे. कंपनीचें उत्तर यावयास सहा आठवडे लागले, आणि त्यांत एवढेंच लिहिलें होतें कीं, ही रक्कम कोणत्या खात्यांत जमा करून घ्यावयाची याचा विचार चालू आहे. यजमानांची शस्त्रक्रिया मात्र त्यांनीं बचतींतून करून घेतली, आणि आतां तें नेमणुकीचें पत्र ते स्वतः, पहिल्या पानापासून, वाचीत बसले आहेत.